तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं क्लाउडवर असताना सबनेट कशाला शिकायचं?

सबनेट म्हणजे मोठ्या नेटवर्कचा पत्त्यांनुसार पाडलेला छोटा तुकडा, आणि हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारा बहुधा हेल्पडेस्कवरून नुकताच अ‍ॅडमिनच्या कामावर आलेला असतो. "मॅडम, आता बटण दाबलं की सर्व्हर उभा राहतो, फायरवॉलचे नियम पडद्यावर निवडता येतात. मग सबनेट मास्क, एआरपी, डीएनएसच्या नोंदी हे सगळं मुळापासून शिकायची खरंच गरज आहे का? आणि शिकायचंच तर किती?"

गरज आहे. आणि किती, तर दोष कुठे नाही हे पुराव्यानिशी सांगता येईल इतकं. आपल्याला फोन येतो तो "नेट चालत नाही" एवढाच. त्या तीन शब्दांमागे तुटकी केबल असते, संपलेला पत्त्यांचा साठा असतो, मागे पडलेलं घड्याळ असतं, कधी नुसती भरलेली डिस्क असते. पाया पक्का असलेला माणूस पाच मिनिटांत यातल्या निम्म्या शक्यता बाद करतो. नसलेला सर्व्हर रीस्टार्ट करून बघतो. कधीकधी त्याने कामही भागतं, आणि तीच सवय हाडात मुरते.

एक सकाळ सांगते. मी तेव्हा एका मध्यम आकाराच्या कार्यालयाचं नेटवर्क सांभाळत होते. कामाची वेळ सुरू होताच फोन सुरू झाले, पण तक्रारींची संगती लागेना. एकाच टेबलावरच्या दोघांपैकी एकाचं सगळं चालतंय, दुसऱ्याला फाइल सर्व्हरही दिसत नाही. बंद पडलेल्या एका लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग, म्हणजे यंत्राचे पत्ते दाखवणारी आज्ञा, चालवलं. गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जाण्याचं दार, दिसला १९२.१६८.०.१. आमचा होता १०.२०.४.१.

म्हणजे कुणीतरी दुसराच पत्ते वाटत होता. यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचं काम असं चालतं: नव्याने जोडलं गेलेलं यंत्र साऱ्या नेटवर्कला हाक देतं, "मला पत्ता देणारं कुणी आहे का?" या हाकेला उत्तर देणारा अधिकृत आहे की नाही, हे ते तपासत नाही, साधारणपणे ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं ऐकतं. म्हणून तर एकाच टेबलावर दोन वेगळे अनुभव. रात्रभर चालू राहिलेली यंत्रं सुखरूप होती, कारण लीजची, म्हणजे ठरावीक काळासाठी मिळालेल्या पत्त्याची, निम्मी मुदत सरली की यंत्र नव्याने हाक देत नाही, ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच मुदतवाढ मागतं. सकाळी घरून आणून जोडलेले लॅपटॉप मात्र त्या उपऱ्या सर्व्हरच्या तावडीत सापडत होते.

आता तो शोधायचा कसा? त्याच लॅपटॉपवर एआरपीचा तक्ता, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणतं यंत्र आहे याची नोंद, उघडला आणि १९२.१६८.०.१ समोरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक, घेतला. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो आणि त्यातल्या पहिल्या २४ बिटांवरून साधारणपणे उत्पादक कळतो. हा होता घरगुती वायफाय राउटर बनवणाऱ्या कंपनीचा. मग स्विचच्या मॅक तक्त्यात तोच पत्ता शोधला, तो कोणत्या पोर्टवर दिसतोय ते पाहिलं, तिथून पुढच्या स्विचवर, आणि शेवटी त्या पोर्टची केबल धरून बैठकीच्या खोलीत पोचले. वायफाय नीट येत नाही म्हणून कुणीतरी आदल्या संध्याकाळी छोटा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता, तोही लॅनच्या पोर्टातून. त्यामुळे तो आमच्या साऱ्या मजल्याला पत्ते वाटत बसला होता. केबल काढली. त्यानंतर स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं, म्हणजे ठरलेल्या पोर्टाशिवाय इतर कुठूनही आलेली पत्त्यांची उत्तरं स्विचच अडवतो.

या सगळ्यात अवघड असं काय होतं? डीएचसीपीची हाक, एआरपी, मॅक पत्ता, स्विचचा तक्ता, सगळं पहिल्या महिन्यात शिकण्यासारखं आहे. पण हे चार तुकडे एकमेकांना जोडलेले डोक्यात नसते, तर आमचा अख्खा दिवस फाइल सर्व्हरशी झटापट करण्यात गेला असता. आणि तो बिचारा पूर्णपणे ठीक होता.

सबनेटचं म्हणाल, तर लोक त्याला बेरजा-वजाबाक्यांचं प्रकरण समजून घाबरतात. /२४ (पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ नेटवर्कचे) म्हणजे २५६ पत्ते, त्यातले यंत्रांना देता येण्याजोगे २५४, हे आकडे लागतातच. पण मास्क हा मुळात एक प्रश्न आहे, आणि यंत्र तो प्रत्येक पॅकेट पाठवण्याआधी स्वतःला विचारतं: समोरचा माझ्याच आळीतला आहे की बाहेरचा? आळीतला असेल तर एआरपीने थेट हाक मारायची, बाहेरचा असेल तर पॅकेट गेटवेच्या हातात द्यायचं. हे एकदा समजलं की विचित्र वाटणाऱ्या तक्रारी उलगडतात. एका प्रिंट सर्व्हरवर कुणीतरी /२४ ऐवजी /१६ टाकलं होतं. त्याला १०.२०.९ मधली शेजारच्या विभागाची यंत्रं आपल्याच आळीतली वाटत होती, म्हणून तो गेटवेकडे न जाता त्यांना थेट हाका मारत बसायचा आणि उत्तर कधीच यायचं नाही. इंटरनेट मात्र सुरळीत! "बाहेरचं जग दिसतं, शेजारचा विभाग दिसत नाही" अशी तक्रार आली की आता मी सर्वात आधी मास्क बघते.

आणि क्लाउडने यातलं काहीही पुसलेलं नाही. तिथेही नेटवर्क उभं करताना पहिला प्रश्न येतो तो पत्त्यांच्या पट्ट्याचाच. खाजगी वापरासाठी राखलेले तीन पट्टे, १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६, ज्या आरएफसी १९१८ मध्ये (इंटरनेटचे नियम लिहिलेल्या दस्तऐवजांपैकी एक) नोंदले आहेत ती १९९६ ची आहे. ३२ बिटांच्या पत्त्यांतून सारे मिळून सुमारे ४.२९ अब्जच पत्ते होतात, ते पुरणार नाहीत हे तेव्हाच दिसत होतं. आज कुणी विचार न करता दोन क्लाउड नेटवर्कांना १०.०.०.०/१६ हाच पट्टा देऊन ठेवतो, आणि पुढे ती दोन्ही जोडायची वेळ आली की जोडताच येत नाहीत. मग चालत्या यंत्रणेचे पत्ते बदलत बसायचं. असं काम मी स्वतः केलंय, रात्री जागून. सुरुवातीला कागदावर दहा मिनिटं आखणी झाली असती तर ते टळलं असतं.

डीएनएसबद्दल, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेबद्दल, एक मोठा दाखला देते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. लोकांच्या पडद्यावर चूक दिसत होती ती नाव सापडत नसल्याची. पण डीएनएस सर्व्हर बिघडलेलेच नव्हते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशाने डेटा सेंटरांना जोडणारं त्यांचं मुख्य जाळं तुटलं. डेटा सेंटरशी संपर्क नाही असं दिसल्यावर डीएनएस सर्व्हरांनी, तशीच रचना असल्यामुळे, बीजीपीवरून (मोठी नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) "आमच्याकडे इथून या" ही घोषणा मागे घेतली. सर्व्हर जिवंत, पण त्यांच्यापर्यंत रस्ताच नाही. लक्षण नावाचं, दुखणं रस्त्याचं. आपल्या छोट्या नेटवर्कवरही हेच होतं, म्हणून नाव सापडत नसेल तर तोच सर्व्हर थेट आकड्यांच्या पत्त्याने गाठून बघायचा, आणि एनएसलुकअप या डीएनएस तपासणाऱ्या आज्ञेने उत्तर कोण देतंय तेही पाहायचं.

पिंगवर, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणाऱ्या छोट्या चाचणीवर, मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. "पिंग जातोय, म्हणजे नेटवर्क ठीक" हे मी अनुभवी लोकांकडूनही ऐकते. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारणपणे १५०० बाइट मावतात. मधे व्हीपीएन (सार्वजनिक नेटवर्कातून काढलेली खाजगी वाट) असेल तर त्याची वेष्टणं त्यातलीच जागा खातात. मोठं पॅकेट मावत नाही असा निरोप आयसीएमपीने, म्हणजे पिंग आणि चुकांचे निरोप वाहणाऱ्या पद्धतीने, परत येतो, आणि सुरक्षेच्या नावाखाली कुणी सगळंच आयसीएमपी बंद केलं असेल तर तो निरोपही मधेच मरतो. मग छोटा पिंग जातो, लॉगिन होतं, आणि मोठी फाइल उघडताना सगळं गोठतं. अशा वेळी तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटांचा पिंग पाठवा. आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर १५०० होतात. तो अडला, तर आकडा कमी करत जा, कुठे सुटतो ते कळेल.

नेटवर्कबाहेरच्या दोनच गोष्टी. घड्याळ: केर्बेरॉस (लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणारी पद्धत) वापरणाऱ्या यंत्रणेत वेळेचा फरक सामान्यपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त झाला की बरोबर पासवर्ड असूनही दार उघडत नाही. आणि लिनक्सवरची डिस्क: जागा शिल्लक दिसत असतानाही "जागा नाही" अशी तक्रार आली तर आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंदीची जागा, संपलेत का ते बघा. लाखो चिमुकल्या फायली साठल्या की तसं होतं.

ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम केबलपासून अ‍ॅपपर्यंत वाटून दाखवणाऱ्या आराखड्याचे, सात थर पाठ म्हणता आले पाहिजेत का, असंही विचारतात. पाठांतर मला कधी कामी आलं नाही. खालून वर जायचा क्रम मात्र रोज येतो: केबलच्या जोडणीपाशी दिवा लागलाय का, पत्ता मिळालाय का, गेटवे दिसतो का, नाव सापडतं का, सर्व्हरवरच्या त्या सेवेचं पोर्ट उघडं आहे का.

राहिला प्रश्न सुरुवात कुठून करायची याचा. सगळं सुरळीत चालू असेल अशा दिवशी आपलं नेटवर्क बघून घ्या. गेटवेचा पत्ता आणि त्याचा मॅक, डीएचसीपी कोण देतं आणि लीज किती तासांची, डीएनएसची उत्तरं कुठून येतात, एरवी पिंगला किती मिलिसेकंद लागतात, कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टावर काय जोडलंय, हे सगळं हाताने वहीत लिहा आणि बदल झाला की तारीख टाकून दुरुस्त करा. त्या सकाळी १९२.१६८.०.१ हा आमचा गेटवे नाही हे मला बघताक्षणी कळलं, कारण १०.२०.४.१ हा आकडा माझ्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत होता.