विक्रेत्याचा पत्ता द्या

गेल्या वर्षी सासूबाईंसाठी श्रवणयंत्राची जोडी ऑनलाइन मागवली. साडेअठरा हजारांची, मोठ्या शॉपिंग साइटवरून. महिना जेमतेम उलटला आणि डाव्या कानाचं यंत्र कुकरसारखं शिट्ट्या मारू लागलं, मग साफ बंद पडलं. समोरचा काय बोलतोय ते कळेना म्हणून आई पाहुण्यांत बसायचं टाळू लागल्या. पैशांइतकंच मला ते लागलं.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं होतं. परत करायची मुदत संपली, वॉरंटी विक्रेत्याची, विक्रेता परदेशात, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म. चॅटवर दर वेळी नवा माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. मी खोकं उजेडात धरून नीट पाहिलं. पांढऱ्या स्टिकरवर बारकोड आणि एक ई-मेल, बस्स. आयातदाराचं नाव नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही. त्या ई-मेलवर पाठवलेलं पत्र तसंच परत आलं.

इथे बडोद्यात, दांडिया बाजारात आमच्या ओळखीचे एक मराठी वकील आहेत. सगळं ऐकून ते म्हणाले, "वहिनी, फोनवर भांडत बसू नका. विक्रेता कोण आणि कुठला, एवढं लेखी विचारा." 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तशी तरतूदच आहे. खरेदीनंतर ग्राहकानं लेखी मागितलं, तर साइटला विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता, ई-मेल आणि संपर्काची बाकी माहिती द्यावीच लागते. आयात माल असेल तर आयातदाराचा तपशीलही दाखवावा लागतो. इतक्या कामाची तरतूद, पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या एकालाही ती ठाऊक नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव सापडलं. या अधिकाऱ्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. बिल, खोक्याचे फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून मी पत्र पाठवलं. पोच वेळेत आली. निवारण काही झालं नाही, पण विक्रेत्याचा पत्ता मात्र आला. तो परदेशातला नव्हताच! आपल्याच देशातल्या एका शहरातलं गोदाम होतं. इतके दिवस "परदेशात आहे" म्हणून मला ज्या भिंतीपाशी थांबवलं होतं, ती भिंत मुळात नव्हतीच. (विक्रेता खरोखर परदेशी असता तर नोटीस पोचवणं आणि वसुली दोन्ही अवघड गेलं असतं. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत, पण कागदावर लागू असणं वेगळं.)

मधल्या काळात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. तिथे मराठीतून बोलता येतं, त्यामुळे आईंना स्वतःलाच सगळं सांगता आलं. पण हेल्पलाइन कंपनीशी बोलणी करून देते, हुकूम देऊ शकत नाही. कंपनीनं तेच जुनं उत्तर पाठवलं आणि तक्रार बंद झाली. त्या तक्रारीचा क्रमांक मात्र मी जपून ठेवला, पुढे अर्जात तो उपयोगी पडला.

मग जिल्हा ग्राहक आयोग. साइटच्या अटींत लिहिलं होतं की सगळे वाद कंपनीच्या शहरातल्या न्यायालयातच चालतील. वकिलांनी ते वाचून बाजूला ठेवलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे, 1986 च्या कायद्यात ती नव्हती. म्हणजे बडोद्यातच दावा. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं, 5 लाखांपर्यंत शुल्कच नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.

अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर भरला. अनुक्रमणिका, पानांवर आकडे, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, सगळ्याची पीडीएफ. याला वेळ लागतो आणि चिकाटी लागते. दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या. एक, साइट आणि विक्रेता दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष केलं, म्हणजे एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही. दुसरं, रावपुऱ्यातल्या एका ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) यंत्र तपासून लेखी अहवाल घेतला. आईंचा कान पूर्वीइतकाच आहे, दोष यंत्रात आहे, असं त्यांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. हा एक कागद नसता तर "वापरताच आलं नसेल" हा बचाव नक्की पुढे आला असता.

आयोगाची नोटीस गेल्यावर कंपनीचा सूर पालटला. त्यांचे वकील व्हिडिओवरून हजर झाले आणि तडजोडीची तयारी दाखवली. आयोगानं प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. पूर्ण किंमत परत आणि खर्चापोटी वर थोडी रक्कम, यावर ठरलं. गोष्ट तोंडी ठेवायची नाही, आयोगाच्या आदेशात लिहून घ्यायची, यावर मी अडून बसले, आणि ते झालं. पैसे खात्यात आले, आईंना त्याच ऑडिओलॉजिस्टकडून मोजमाप घेऊन नवं यंत्र घेतलं.

तेवढ्यावर मला स्वस्थ बसवेना. सहज शोधलं तर तेच यंत्र, त्याच फोटोसकट, दुसऱ्या विक्रेत्याच्या नावानं साइटवर झळकत होतं. खाली कुणीतरी विचारलं होतं, "वडिलांसाठी घेऊ का?" माझं प्रकरण मिटलं तरी त्या माणसाचं काय? अशा अनेक ग्राहकांशी संबंधित तक्रारींसाठी त्याच 2019 च्या कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलं आहे. स्टिकरचा फोटो, ऑडिओलॉजिस्टचा अहवाल आणि साइटच्या दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट जोडून मी त्यांच्याकडे तक्रार पाठवली आहे. उत्तर अजून यायचं आहे.