डावी ढिली आहे

बुधवार, रात्री

नवा ड्यूटी चार्ट लागला आणि सुनीताला पहाटेची पहिली गाडी आली. ती एसटीत कंडक्टर, कराड आगारात. बाहेर अंधार असतानाच ती स्वतःचा अंबाडा आकडे खोचून घट्ट बसवते, डबा उचलते आणि जाते. मागे उरतो मी, सई आणि सईचे केस.

केस माझ्या वळणावर गेलेत. दाट, कुरळे, आणि रात्रभर उशीवर घासले की मानेपाशी नुसता गुंता. शाळेचा नियम असा की केस खांद्याखाली गेले की दोन वेण्या, त्याही दुमडून वर बांधलेल्या, लाल रिबिनीत. पोरगी दुसरीत आहे. नियम कुणी केला कोण जाणे, पण त्याच्या घरी कुरळ्या केसांचं कुणी नसणार एवढं नक्की.

पूर्वी एवढाल्या पोरांचीही शाळा सकाळी सातच्या सुमारास भरायची. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग 9 च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, तेव्हा पालकांत बरीच कुरकुर झाली, नोकरीवाल्यांची पंचाईत होते म्हणून. मी मात्र सरकारच्या बाजूनं. तो मधला वेळ सगळा वेणीत जातो.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात. जुनी कॉइल उपसायची, स्लॉटमध्ये पेपर सारायचा, नवी तार भरायची. बारीक कामाला हात बसलेला आहे. म्हणून वाटलं होतं वेणी काय, तीन पेडांची तर असते. पण तांब्याची तार वाकवली की वाकवली तशी राहते. केस तसा राहत नाही. एक पेड धरावा तर दुसरा बोटांतून निसटतो, तिसऱ्यात मघाशी सोडवलेला गुंता परत तयार. दुकानात व्हाइसमध्ये कॉटन टेपचे तीन पट्टे अडकवून सराव केला. झकास वेणी झाली. गिऱ्हाईक बघून हसलं. घरी येऊन सईच्या डोक्यावर तीच वेणी घातली तर वर फुगलेली आणि खाली उंदराची शेपटी.

मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यातल्या बायकांच्या पुढ्यात बसलेल्या मुलींचे केस पाण्यासारखे सरळ, आणि मुली जागच्या हलत नाहीत. सई हलते. तिला मधेच आठवतं की पाण्याची बाटली भरायची राहिली.

सगळ्यात अवघड वेणी नाही, भांग. शेपटीच्या कंगव्यानं कपाळापासून थेट मानेपर्यंत रेघ ओढायची. पुढचा भाग जमतो. टाळूच्या मागे गेलं की रेघ उजवीकडे कलते, एका वेणीत केस जास्त, दुसरीत कमी, आणि मग काही केलं तरी दोन्ही सारख्या होत नाहीत.

सुनीताला विचारलं, पेड किती ओढायचा? ती म्हणाली, "बसेल इतका." म्हणजे किती? "अहो, हाताला कळतंय की." आईला गावी फोन लावला. ती म्हणाली, "बघून बघून येतंय." या दोघींपैकी कुणालाच सांगता येत नाही, कारण कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. त्या लहानपणी कुणाच्या तरी गुडघ्यात डोकं देऊन बसल्या, रडल्या, धपाटे खाल्ले, आणि ओढ किती असते ते त्यांना डोक्यानं कळलं. हात नंतर आले. माझ्या डोक्याला न्हाव्याच्या मशीनशिवाय कशाची ओळख नाही. मला ते कुठून कळणार?

शेवटी शिकवलं सईनंच. ती आरशात बघतही नाही. "पप्पा, डावी ढिली आहे." सोडून परत घातली. "आता उजवी दुखतीय, कानामागं." बोट घालून बघितलं तर खरंच, कानामागची एक बट ताणून बसली होती. आता मी प्रत्येक पेडाला विचारतो आणि ती हूं म्हणते किंवा आई गं म्हणते. फार घट्ट ओढू नये हेही खरंच, रोज तशी वेणी घातली की कपाळावरचे केस मागे सरत जातात.

कंगव्यात केस अडकलेले बघून मी सुरुवातीला घाबरलो होतो. पण डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं साहजिक, असं वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. गुंता टाळूकडून खाली ओढायचा नाही. टोकं मुठीत धरून तिथून सुरू करायचं आणि थोडं थोडं वर सरकायचं, मोठ्या दातांच्या कंगव्यानं, किंचित ओलं करून. कोरडे कुरळे केस विंचरले की पोरगी झाडूसारखी दिसते.

रिबिनीचं तंत्र शेजारच्या वहिनींनी दाखवलं. रिबीन शेवटी बांधायचीच नाही. वेणी निम्म्यावर आली की रिबीन मधोमध दुमडून पेडांत घ्यायची, दोन टोकं दोन पेडांबरोबर गुंफत शेवटपर्यंत न्यायची. मग वेणी दुमडून वर आणली की ती टोकं मुळाशी गुंडाळून फूल करायचं. मधल्या सुट्टीतल्या धावपळीतही सुटत नाही.

रविवार

आज न्हाणं. तेलावरून घरात जुना वाद: आई म्हणते धुण्याआधी खोबरेल चोपडायचं, सुनीताला चिकट वाटतं. निकाल आईच्या बाजूनं लागलाय. मुंबईतल्या दोघा संशोधकांनी 2003 मध्ये छापलेलं आहे की खोबरेल केसाच्या आत शिरतं, सूर्यफुलाचं किंवा मिनरल तेल तसं शिरत नाही, आणि आधी लावलं तर धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. आईला सांगितलं. "मग मी काय म्हणत होते?" एवढंच म्हणाली.

तेल लावताना सुनीताला कानामागं लिखा दिसल्या. झालं, वर्गातून आल्या. उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत, पण पोरी डोक्याला डोकं लावून बसतात. औषध लावलं, वर्तमानपत्र पसरलं आणि फणी काढली. लीख केसाला चिकटलेली असते, झटकून पडत नाही. आठवड्याभरात फुटते, म्हणून पुढच्या आठवड्यात परत हाच कार्यक्रम. कुरळ्या केसांतून फणी ओढणं म्हणजे दोघींची परीक्षा. सई ओरडत होती, सुनीता तिच्याहून मोठ्यानं.

त्या गडबडीत मी म्हणालो, परवा शाळेत बाईंनी वेणीचं कौतुक केलं, बाबा घालतात म्हटल्यावर बाकीच्या आयांनीही. सुनीतानं फणी झटकली. "बालवाडीपासून मी घालतीय. मला कुणी विचारलं का हो, वेणी कुणी घातली म्हणून?" यावर उत्तर नव्हतं. मी वर्तमानपत्र बदललं.

मग तिनंच विषय काढला, बॉबकट करून टाकू, सुट्टीच मिळेल सगळ्यांना. आईला फोनवर कळलं तर ती तिकडूनच कडाडली, पोरीच्या जातीला केस नकोत होय? मला स्वतःला काय वाटतं ते ठरेना. आत्ता कुठे भांग सरळ यायला लागलाय.

शेवटी सईलाच विचारलं. तिनं नीट विचार केला. "कापा, पण वेण्या घालता येतील एवढे ठेवा."

"मग कापायचे कशाला?" सुनीता म्हणाली आणि परत फणी घातली.