शिट्टी

९ ऑगस्ट, रात्री साडेअकरा

सकाळी एका शाळेत क्रांतिदिनाची साउंडची ऑर्डर होती. दोन टॉप म्हणजे स्पीकर, एक माइक, पाहुण्यांचं भाषण. डोळे मिटून करावं असं काम. पण मध्येच पावसाची सर आली आणि कुणा उत्साही मास्तरांनी माइकचा स्टँड उचलून पत्र्याखाली नेला, म्हणजे बरोब्बर टॉपच्या तोंडापुढे. पाहुण्यांनी ‘चले जाव’ म्हणायला तोंड उघडलं आणि माइकनं अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या पोरांनी कान धरले. मी फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढेपर्यंत अख्खी शाळा हसत होती. चूक मास्तरांची, बोलणी मला.

माइक कायम स्पीकरच्या मागं, हे आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. पुढं आला की स्पीकरचा आवाज माइकात, माइकातला परत स्पीकरात, आणि ते चक्र सुरू झालं की शिट्टी.

टेम्पोत सामान भरताना आठवलं, आज जेरी गार्सिया या अमेरिकन गिटारवाल्याची पुण्यतिथी. १९९५ साली याच तारखेला गेला. आणि हा नियम धडधडीत मोडून दाखवणारी माणसं त्याच्याच रॉक बँडची, ग्रेटफुल डेडची.

मला हा बँड भेटला तो तबल्यामुळे. माझा हात कधी बसला नाही, पण झाकीरभाईंच्या कॅसेटी गोळा करायचा नाद होता. त्यात ‘प्लॅनेट ड्रम’ मिळाली. १९९१ची. माहीमचा आपला माणूस, शेजारी घटमवर विनायकराम, आणि हे सगळं जमवणारा कोण, तर मिकी हार्ट नावाचा अमेरिकन ड्रमर. हा कुठला म्हणून शोधत गेलो तर ग्रेटफुल डेडचा निघाला. खरं सांगायचं तर त्यांची गाणी मला सगळी आवडतात असं नाही. एकच गाणं वीस-पंचवीस मिनिटं घोळवतात; कधी रंगतं, कधी नुसतंच लांबतं. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला याचं नवल नाही म्हणा. पण त्यांची १९७४ सालची साउंड सिस्टिम! तिच्याबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तिला नाव पडलं ‘वॉल ऑफ साउंड’. सहाशेच्या आसपास स्पीकर, सव्वीस हजार वॉटच्या वर ताकद, वजन ७५ टन, आणि ती सगळी भिंत बँडच्या पाठीमागे उभी. वाजवणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवतात तो वेगळा मॉनिटर स्पीकर नाहीच. लोकांना जे ऐकू जाणार तेच वाजवणाऱ्यांच्या कानात. शिवाय एका स्पीकरमधून एकच वाद्य. गिटारची उतरंड वेगळी, पियानोची वेगळी, गळ्याची वेगळी. एकाच कागदाच्या पडद्यावर ढोल आणि बासरी दोन्ही लादली की आवाज गढूळ होतो, ते इथे होणारच नाही. बँडच्या फिल लेशच्या बेस गिटारची तर प्रत्येक तार वेगळ्या स्पीकरमधून काढता यायची. स्पीकर उभे एकावर एक रचले की आवाज वर-खाली फुकट न जाता समोर लांबवर जातो. आज मोठ्या मैदानात केळ्याच्या घडासारखे लटकणारे लाइन अॅरे दिसतात, त्यांचं गणित हेच.

डोकं कुणाचं? ऑस्ली स्टॅन्लीचं, ज्याला सगळे ‘बेअर’ म्हणायचे. एलएसडी हे नशेचं रसायन बनवण्यात हातखंडा, आणि उरलेला वेळ आवाजामागे वेडा. सोबत डॅन हीली, अलेम्बिक या वाद्यं-साउंडच्या कंपनीचे रॉन विकरशॅम वगैरे मंडळी. आधीच्या वर्षी स्टॅनफर्डला नव्या सिस्टिमची चाचणी घेतली, तर पहिल्याच गाण्याला सगळे ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, उडाले. हे वाचून मला फार बरं वाटलं.

पण पाठीमागे एवढी भिंत असून शिट्टी कशी नाही? तर प्रत्येक गायकापुढे दोन माइक, जवळजवळ चिकटलेले, एक सुलटा, एक उलटा जोडलेला. भिंतीचा आवाज दोघांत सारखाच शिरतो आणि एकमेकाला खाऊन टाकतो. गायक ओठ टेकवून एकातच गातो, म्हणून तेवढा गळा उरतो.

आज दुपारी गोडाऊनमध्ये करूनच पाहिलं. दोन साधे माइक काळ्या चिकटपट्टीनं बांधले. एका वायरीच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांचे सोल्डरचे डाग सोडवून अदलाबदल केली. स्पीकरच्या तोंडासमोर उभा राहिलो आणि पोऱ्याला म्हटलं, चढव. रोज जिथं शिट्टी येते तो काटा ओलांडला. अजून वर. शांत! अंगावर काटा आला. मग मी वरच्या माइकात ‘माझे माहेर पंढरी’ धरलं, तर पोऱ्या म्हणतो, “दादा, पिपाणी वाजतीय.” खरंच, गळ्यातला सगळा भरणा गेलेला. त्या वर्षीच्या त्यांच्या रेकॉर्डिंगमध्येही गळा असाच पातळ लागतो. आजवर मला वाटायचं टेप जुनी आहे.

ती भिंत वर्षभरसुद्धा टिकली नाही. मार्चमध्ये काउ पॅलेस नावाच्या सभागृहात उभी राहिली, ऑक्टोबरमध्ये विंटरलँड या दुसऱ्या सभागृहात पाच रात्री वाजली आणि उतरली. चार ट्रेलर, एकवीस माणसं, स्टेजचा एक सांगाडा वापरात असतो तोवर दुसरा पुढच्या गावी. हा खर्च कुणाला झेपणार? पुढं १९८४ साली याच लोकांनी टेप करणाऱ्या रसिकांना वेगळी जागाच आखून दिली. खुशाल भरून घ्या, फक्त विकू नका. आपल्याकडे कॉन्फरन्सला पिशवीत रेकॉर्डर लपवून नेणाऱ्या काकांना हे सांगितलं तर ते रडतील.

उद्या मंडळाची पोरं येणार आहेत, यंदा भिंत किती बेसची लावणार ते ठरवायला. त्यांना छाती हादरली म्हणजे झालं. गाणं कुठलं ते नंतर.

त्या वायरीच्या पिना अजून उलट्याच आहेत. सकाळी पहिलं काम ते. परवा भजनाची ऑर्डर आहे, आणि बुवा दोन माइक घेतात.