शोभेला कुलूप

1980 च्या दशकातल्या मोठ्या अमेरिकन गाड्यांचं दार उघडायला कपड्यांचा तारेचा हँगर पुरायचा. काच आणि रबर यांच्या फटीतून तार आत सोडायची, लॉकची खुंटी वर ओढायची, झालं काम. ही विद्या चोरांइतकीच किल्ली आत विसरणाऱ्या सभ्य गृहस्थांनाही येत असे. पण त्याच गाडीच्या चाकांवर तारांची चकचकीत कव्हरं असली, तर ती काढायला खास किल्ली लागायची. अख्ख्या गाडीत सगळ्यात पक्कं कुलूप कशाला, तर शोभेला.

शोभा तरी कसली? आतलं चाक साध्या लोखंडी पत्र्याचं, काळा रंग फासलेलं. त्यावर तारांच्या आऱ्यांचा मुखवटा. खऱ्या आऱ्यांची चाकं जुन्या जग्वार, एमजी अशा ब्रिटिश गाड्यांना असत. ती मधोमध एकाच भल्यामोठ्या नटाने बसवलेली असत आणि त्या नटाला दोन-तीन कान असत. कानांवर मऊ धातूच्या हातोडीने ठोके घातले की नट फिरायचा आणि चाक हातात यायचं. हे बाहेर आलेले कान रस्त्यावर कुणाला लागतील म्हणून अमेरिकेत 1968 पासून त्यांना मनाई झाली, ती 1996 पर्यंत टिकली. आऱ्यांची हौस मात्र थोडीच जाते! ती मुखवट्यावर भागवली गेली. ही कव्हरं महाग होती, म्हणजे चोरीला जाणारच. मग त्यांना कुलूप आलं.

आमच्याकडे न्यू जर्सीत एक काका आहेत, ऐंशीच्या दशकात इकडे आलेले. त्यांच्याकडे अजून 1985 ची ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीम आहे. सेकंडहँड घेतलेली, पण मोटारीपेक्षा घरातलं माणूसच जास्त. टायर बदलायचे म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली, तर तिथल्या पोराने चाकाकडे बघून विचारलं, याची किल्ली कुठाय? काकांनी मला फोन केला. ‘अरे, चाकाला कधी किल्ली असते का?’

असते. मधला कंपनीचा बिल्ला पातळ स्क्रू ड्रायव्हरने, टोकाला फडकं गुंडाळून, हलक्या हाताने उचकटायचा. आत एक खोलगट भोक दिसतं आणि त्याच्या तळाशी बोल्टचं डोकं. डोकं षटकोनी नाही. कडेला वेड्यावाकड्या खाचा, त्याही सारख्या अंतरावर नाहीत. कुठलाही पाना लावला तर नुसता घसरतो. त्याच खाचांचा जुळा आतून कोरलेली नळी म्हणजे किल्ली. ती बसवून डावीकडे फिरवली की बोल्ट सुटतो, कव्हर दोन्ही हातांनी ओढायचं आणि मग कुठे चाकाचे खरे पाच नट दिसतात. बोल्ट ज्या पट्टीत आवळलेला असतो ती पट्टी त्या पाच नटांखालीच दाबलेली, म्हणजे आडवाटेने जायची सोय नाही. काम चोख आहे, यात वाद नाही.

डावीकडे फिरवायचं हेसुद्धा जुन्या गाड्यांपुढे गृहीत धरू नये. क्रायस्लरच्या गाड्यांत 1970 च्या सुमारापर्यंत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असत. सुटत नाही म्हणून पान्यावर उभं राहून नाचणाऱ्या माणसाने नट सोडवण्याऐवजी आणखी आवळलेला असायचा. पण ती वेगळी गंमत.

आता या कुलपाचा न्याय बघा. चोर येतो तो सवडीने, हत्यारं घेऊन. मालकाला मात्र कव्हर काढायचं ते पंक्चर झाल्यावर, रात्री, पावसात, हायवेच्या कडेला, शेजारून ट्रक सुसाटत असताना. तेव्हा बॅटरी तोंडात धरून किल्ली शोधायची. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायचा रिवाज होता, आणि ग्लोव्ह बॉक्स ही वस्तू ठेवायची जागा नाही, हरवायची जागा आहे, हे मोटार बाळगणाऱ्याला सांगायला नको. गाडी दोन-तीन हातांतून फिरली की किल्ली कुणाच्या तरी गॅरेजातल्या डब्यात निनावी लोखंड होऊन पडते.

काकांनी घरातला किल्ल्यांचा डबा ओतला. दादरच्या विकलेल्या जागेची लॅचची किल्ली निघाली, गोदरेजच्या कपाटाची निघाली, ते कपाटही केव्हाच भाच्याकडे गेलंय. ही नव्हती. कंपनीकडे मागावी, तर ओल्ड्समोबिल 1897 पासून चालत आलेली, 29 एप्रिल 2004 ला शेवटची गाडी काढून बंद झालेली. शेवटी काकूंनी मार्ग काढला. बोल्टच्या डोक्याचा फोटो घेऊन इंटरनेटवर जुन्या किल्ल्या विकणाऱ्याला पाठवला, आणि खाचा जुळणारी किल्ली पोस्टाने घरी आली.

तीन चाकांनी मुकाट्याने ऐकलं. चौथं अडलं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ बोल्टच्या आट्यांत वर्षानुवर्षं मुरतं. डब्ल्यूडी-40 हे गंज सैल करणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, तरी हूं की चूं नाही. मग गॅरेजवाल्याने जुना जाणकार उपाय केला. डोक्यापेक्षा किंचित लहान, बारा कोनांचा सॉकेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर चढणारा नळीचा पाना, घेतला आणि हातोडीने त्यावर ठोकून बसवला. सॉकेटच्या धारा खाचांत रुतल्या, लांब दांडा लावला, करकरून बोल्ट फिरला. सॉकेट पुन्हा वापरायच्या लायकीचा उरला नाही. आडदांड वाटतं खरं, पण तारांवर पहार घालून कव्हर वाकडं करण्यापेक्षा कितीतरी सभ्य.

काकांना मुंबईची आठवण होणं साहजिकच होतं. पद्मिनीच्या चाकावर पालथ्या वाटीसारखी स्टीलची कॅप असायची. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून तिरका दाबला की टप्प करून सुटे. चोरालाही तेवढंच सोपं, म्हणून चोरबाजारात अशा कॅपा मिळत, आपलीच आपल्याला विकत. आता तिकडे प्लॅस्टिकची कव्हरं आणि ती उडून जाऊ नयेत म्हणून काळ्या केबल टायने रिमला जखडलेली. पंक्चर काढणारा पोरगा पक्कडीने कचाकच कापतो, काम झालं की गल्ल्यातून नव्या काढून बांधतो. मला हे कुलूप फार आवडतं. वाऱ्याला आणि खड्ड्यांना पुरतं, चोराला थोडा कंटाळा आणतं, आणि मालकाला कधीच अडवत नाही.

काकांनी मात्र कव्हरं पुन्हा बोल्टांनीच बसवली, चौथ्याला नवा बोल्ट मिळवून. तारांच्या मुखवट्याशिवाय गाडी उघडीबोडकी दिसते म्हणाले. किल्ली सुतळीने स्टेपनीला बांधून टाकली.

हा प्रकार जुन्या गाड्यांबरोबर संपला म्हणावं, तर तसंही नाही. अलॉय व्हील आली, मुखवटे गेले, पण प्रत्येक चाकाला एक लॉकिंग नट आला, आणि त्याची बोटभर किल्ली डिकीतल्या कुठल्यातरी कप्प्यात. जुनी गाडी बघायला गेलो की मी इंजिनाआधी तीच मागतो. विकणारा ‘असेल की आतच कुठेतरी’ म्हणाला, की तिथूनच घासाघीस सुरू.