एटमध्ये अडकलेले केस

नाशिकच्या एका कॉलेजच्या गिर्यारोहण क्लबबरोबर शनिवार-रविवारी दोर लावायला मी जातो. मुलं परदेशातल्या गुहांचे व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात, "सर, केव्हिंगला कधी जायचं?" आपला सह्याद्री बेसाल्टचा. पाण्याने चुनखडी विरघळून झालेल्या मैलोगणती गुहा इथे कुठून येणार? पांडवलेणी माणसाने कोरलेली, आणि रतनगडावरची गुहा मुक्कामापुरती. कातळाच्या पोटात शिरायची हौस असेल तर घोटी, भंडारदरा करत साम्रद गाव गाठायचं आणि सांदण नावाची अरुंद दरी उतरायची. दोन्हीकडे दोन-दोनशे फुटांच्या भिंती, मध्ये जेमतेम वाट, तीही दगडगोट्यांची. पावसाळ्यात हीच वाट ओढ्याची असते, म्हणून आम्ही दिवाळीनंतरच जातो.

ही गोष्ट डिसेंबरातली. साम्रदचे एक मामा वाटाड्या म्हणून बरोबर होते. पाण्याचे दोन्ही टप्पे पार झाले. दुसऱ्यात पाणी छातीला लागलं, मुलं कुडकुडत पण खुशीत बाहेर आली. पुढे पहिला मोठा रॅपल, म्हणजे दोरावरून उतरायचा कडा, साधारण पंचेचाळीस फुटांचा. मी वर, दोर बांधतात त्या अँकरपाशी; माझा सहकारी सेफ्टी रोपवर, म्हणजे उतरणाऱ्याला बांधलेल्या जादा दोरावर; दुसरा खाली.

निम्म्यावर एक मुलगी थांबली. घाबरून थांबणारे पुष्कळ असतात, त्यांना बोलून बोलून उतरवता येतं. हिची मान मात्र खाली ओढल्यासारखी वाकली होती आणि ती वर बघूच शकत नव्हती. सकाळी वेणी हेल्मेटच्या आत, टीशर्टमध्ये खोचलेली मी स्वतः पाहिली होती. पाण्यातून आल्यावर पिळायला तिने ती सोडली, आणि ओले केस पुढे येऊन दोराबरोबर फिगर ऑफ एटमध्ये, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणाऱ्या इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या कडीत, ओढले गेले. जितकं वजन दोरावर, तितके केस घट्ट.

वर गलका सुरू झाला. एक मुलगा खिशातला चाकू काढून म्हणाला, "सर, हा घ्या, कापून टाका!" मी त्याला चाकू बंद करून बॅगेत टाकायला लावला. ताणलेल्या नायलॉनच्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी तो फाटतो, आणि केस होते नेमके त्या दोराला चिकटून. चाकू हा उपाय सगळ्यात शेवटचा.

वेळही फार नव्हता. हार्नेसमध्ये, म्हणजे कंबर-मांड्यांच्या पट्ट्यात, हालचाल न करता लटकलं की पायात रक्त साचतं, माणूस बेशुद्धही पडू शकतो. सहकाऱ्याला सेफ्टी लॉक करायला सांगून मी दुसऱ्या दोरावर तिच्या शेजारी उतरलो. ती रडत नव्हती, "सर, आईला सांगू नका" एवढंच म्हणत होती. मी म्हटलं, "आईचं नंतर बघू, आधी पाय हलवत राहा, टाचा कातळावर टेकव."

तिच्या एटच्या वर, मेन रोपवर प्रुसिक मारली. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाची ही गाठ, १९३१ सालची: सैल असताना दोरावर सरकते, वजन आलं की आवळते. त्या गाठीला लांब स्लिंग, म्हणजे पट्टीचं वेटोळं, लावून खाली पायासाठी फासा केला. मुलीने त्यात पाय घातला, मी कंबरेला आधार दिला, आणि ती उभी राहिली. ती जितकी वर आली तितकी सेफ्टी वरून खेचून घेतली. आता वजन सेफ्टीवर, एट सैल. तरी ओले केस सुटेनात. बट बट करून, दोर मागे ढकलत, ते काढावे लागले. थोडे तुटले. मग वेणी कॉलरमध्ये कोंबली, एटमधला दोर पुन्हा तपासला, सेफ्टी जरा सोडून वजन परत एटवर घेतलं, प्रुसिक काढली. उरलेलं अंतर ती स्वतः उतरली. मला वाटलं होतं, सेफ्टीवरच खाली सोडावं लागेल.

खाली मामांनी तिला आधी गूळ दिला. त्यांना त्या एटचं काही कौतुक नाही. ते आणि गावातली पोरं करोली घाटाने चढतात-उतरतात, दोराबिराविना.

उरलेली मुलं उतरेपर्यंत दरीत अंधारू लागलं. पुढचे दोन छोटे रॅपल हेडटॉर्चवर झाले, जेवण साहजिकच उशिरा. तो चाकूवाला पोरगा पिठलं-भाकरी खाऊन माझ्याकडे आला आणि प्रुसिक शिकवा म्हणाला. दोन वेढ्यांवर त्याची गाठ घसरत होती. तिसरा दिल्यावर धरली, तेव्हा त्याने झाडाला बांधलेल्या दोरावर लटकून बघितलं आणि बाकीच्यांना हाका मारायला लागला.