नावाहरूदकचा बोगदा आणि काकांचा प्रश्न

मिन्स्कबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रुंद रस्ते, कमालीची स्वच्छता आणि शाकाहारी माणसाच्या नशिबी रोज बटाट्याचे द्रानिकी, म्हणजे धिरडी. लिहायचंय ते तिथून पश्चिमेला असलेल्या नावाहरूदकबद्दल. बेलारूसमधल्या या छोट्या गावात लोक येतात ते पोलिश महाकवी आदाम मित्सकिएविचच्या घरासाठी. आमच्या गाइडबाई त्या घरात इतक्या रमल्या की ज्यूंच्या प्रतिकाराच्या संग्रहालयासाठी जेमतेम तासभर उरला. माझं डोकं आधीच तापलेलं.

संग्रहालय म्हणजे जर्मनांच्या श्रमछावणीतली एक ठेंगणी बराक. दुसऱ्या महायुद्धाआधी गावात जवळपास निम्मी वस्ती ज्यूंची होती. १९४१ च्या डिसेंबरपासून एकामागून एक कत्तली झाल्या. मे १९४३ मध्ये छावणीतल्या जवळपास निम्म्या लोकांना मारलं, तेव्हा उरलेल्या अडीचशेच्या आसपास कारागिरांना कळून चुकलं की कौशल्य आहे म्हणून कुणी आपल्याला जिवंत ठेवणार नाही.

बाई हे सांगत असतानाच आमच्या गटातल्या एका काकांनी विचारलं, "पण यांनी किती जर्मन मारले?"

बाई गप्प. मीही गप्प, पण आतून चरफडलो. आपल्याकडे प्रतिकार म्हटलं की बॉम्ब-पिस्तूलच लागतं.

या लोकांनी बिछान्याखालून बोगदा खणायला घेतला. रांगतच जावं लागेल, एवढा अरुंद. सुतारांनी कडेला फळ्या ठोकल्या, मातीची गाडी ओढायला लाकडी रूळ केले. शिंप्यांनी पोती शिवली. आत हवा कमी, दिवे विझायचे, म्हणून वीजतंत्र्याने चोरून वायर ओढून बल्ब लावले. माती टाकणार कुठे? पोटमाळ्यावर, दुहेरी भिंतींच्या पोकळीत. दिवसा जर्मनांसाठी राबायचं आणि रात्री ही माती वाहायची. बोगदा उभ्या पिकात निघणार होता. पण पीक कापलं गेलं, आडोसाच गेला, म्हणून आणखी पुढे खणावं लागलं. लांबी दोनशे मीटरच्या वर गेली.

२६ सप्टेंबर १९४३ ची रात्र वादळी होती. छपराच्या पत्र्यांचे खिळे आधीच सैल करून ठेवले होते, म्हणजे वाऱ्यात पत्रे खडखडतील आणि बाकीचे आवाज बुडतील. सर्चलाइट बंद पाडले. इतका विचार केला होता. पण उजेडाच्या बोगद्यातून एकदम काळोखात आलेल्या काहींना दिशाच कळेना. ते उलटे छावणीकडेच पळाले आणि गोळ्यांना बळी पडले. जो बल्ब लावल्याशिवाय बोगदा खणताच आला नसता, त्यानेच घात केला. हे ऐकल्यावर पुढची पाच-दहा मिनिटं बाई काय बोलल्या, मला आठवत नाही.

तरीही शंभराहून अधिक लोक वाचले. त्यातले बरेच जण बिएल्स्की भावांच्या तुकडीला, म्हणजे जंगलात लपून राहणाऱ्या ज्यू पार्टिझानांना (गनिमी लढवय्यांना) जाऊन मिळाले. तूविया, आसाएल आणि झूस हे जवळच्याच खेड्यातले शेतकरी. त्यांच्याकडे बंदुका होत्या, जर्मनांवर आणि त्यांना मदत करणाऱ्यांवर त्यांनी हल्लेही केले. पण म्हातारे, पोरंबाळं, बंदूक कधी हातात न धरलेले, कुणालाही घ्यायचं, असा तूवियाचा हट्ट. इतर पार्टिझान तुकड्या सहसा फक्त लढू शकणाऱ्यांनाच घेत. नालिबोकीच्या जंगलात यांनी अख्खं गावच वसवलं: बेकरी, गिरणी, चांभार, शिंपी, न्हाणीघर, मुलांची शाळा. अन्न मात्र शेतकऱ्यांकडूनच यायचं, कधी मागून, कधी बंदूक दाखवून. त्याबद्दलची कटुता तिकडे अजून आहे, आणि ती मला समजू शकते.

परतीच्या बसमध्ये काकांना म्हटलं, जुलै १९४४ मध्ये त्या जंगलातून बाराशेच्या आसपास माणसं जिवंत बाहेर आली. काका म्हणाले, "हो, पण मारले किती?" मी खिडकीकडे तोंड वळवलं.

नालिबोकीला जायचं राहिलंच. गाडीवाल्याने सांगितलेला दर ऐकून आमच्या गटातले बाकीचे सरळ मीरच्या किल्ल्याकडे वळले, आणि एकट्याने तेवढे पैसे भरायची माझी तयारी नव्हती.