नेब्रास्कात गाडी शिकले त्याची गोष्ट

नवरा डॉक्टर, त्याची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं शिक्षण, जर्सी सिटीला झाली. तिथे चार वर्षं मला गाडी येत नव्हती आणि त्यावाचून काही अडलंही नाही. पाथ ट्रेन होती, बस होती, नेवार्क अव्हेन्यूवर चालत गेलं की कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळायचं. मग वेव्हरचं, म्हणजे व्हिसाच्या अटीतून मिळणाऱ्या सवलतीचं, आलं. जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरने एकतर दोन वर्षं मायदेशी जायचं, नाहीतर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. याला कॉनराड वेव्हर म्हणतात, दर राज्याला वर्षाला ३० जागा. आमच्या वाट्याला नेब्रास्का आलं. मी आधी नकाशा उघडून ते कुठे आहे ते शोधलं, खोटं कशाला बोलू.

राज्य महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश एवढं आणि माणसं २०२० च्या जनगणनेत १९ लाख ६० हजारांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराहून कमी, आणि त्यातली निम्म्याहून जास्त ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांच्या आसपास. उरलेल्या सगळ्या राज्यात मका, सोयाबीन, गाईगुरं आणि आम्ही. आमचं गाव अडीच हजार वस्तीचं, कर्नी शहराच्या उत्तरेला तासाभरावर. हॉस्पिटल २५ खाटांचं, त्याहून मोठं केलं तर खेड्यातल्या छोट्या हॉस्पिटलांची सरकारी मदत मिळत नाही म्हणे.

जुलैत पोचलो. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं चला जरा पाय मोकळे करून येऊ, म्हणून गावाबाहेरच्या रस्त्याने चालायला लागले. दहा मिनिटांत तीन गाड्या थांबल्या. पहिल्याने विचारलं गाडी बंद पडली का, दुसरी बाई म्हणाली कुठे सोडू, तिसरे आजोबा काही न बोलता नुसतं पिकअपचं दारच उघडून बसले. मी फक्त फिरायला निघालेय हे त्यांना काही केल्या पटेना. इथे रस्त्याने पायी चालणारं माणूस म्हणजे काहीतरी अडचणीतलं माणूस. संध्याकाळी नवरा घरी आला तर त्याला हॉस्पिटलातच कळलेलं की बायको हायवेवर चालत होती आणि घरात सगळं ठीक आहे ना.

त्या रात्री ठरवलं, लायसन्स काढायचं.

तसं माझ्याकडे २००९ चं कराडचं फोर व्हीलर लायसन्स होतं. पण ते कसं निघालं हे तुम्हाला माहितीच आहे, ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांच्या पायाखाली वेगळा क्लच, वेगळा ब्रेक, स्टिअरिंगवर फक्त हात माझे. नंतर सगळं आयुष्य स्कूटीवर.

इथे परीक्षा घेणारा माणूस कोर्टहाऊसमध्ये फक्त मंगळवारी यायचा. पहिल्या मंगळवारी मी अभ्यास करून गेले, २५ प्रश्न, २० बरोबर आले की पास, पण गाडी अडली ती पत्त्याच्या पुराव्यावर. दोन पुरावे हवेत आणि आमचं लाईट बिल, घरभाडं, फोन सगळं नवऱ्याच्या नावावर. एच-४ वरच्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने आलेल्या बाईचं या देशात स्वतःच्या नावावर काय असतं? पासपोर्ट. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, समोर बँक आहे ना, तिथून स्टेटमेंट आण. मी रस्ता ओलांडून गेले, पाच मिनिटांत जॉइंट खात्याचं स्टेटमेंट हातात, लायब्ररीत कार्ड काढलं तिथे चौकशी केली तर तिथल्या बाई म्हणाल्या आमचं कार्ड चालणार नाही गं पण नगरपालिकेत पाण्याच्या बिलावर नाव घालून देतील, तिथे गेले, त्यांनी घालून दिलं. हे सगळं पाऊण तासात आणि पायी. जर्सीत एवढ्या वेळात माझा टोकन नंबरसुद्धा आला नसता. तरी त्या दिवशी काम झालं नाहीच, व्हिसाची पडताळणी कॉम्प्युटरवर अडकली, पुढच्या मंगळवारी या. पुढच्या मंगळवारी झालं. २३ बरोबर.

आता शिकवणार कोण? लर्नर परमिटवर शेजारी २१ वर्षांवरचा लायसन्सवाला माणूस लागतो. नवरा एक दिवस बसला, दोघांत जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. मग शेजारच्या आजींनी निरोप पाठवला की उद्या सकाळी सातला तयार राहा. सत्तरी ओलांडलेल्या, शेतकरणी, दहाव्या वर्षी ट्रॅक्टर शिकलेल्या. मी त्यांना नावाने हाक मारायचे, इथे तसंच चालतं, पण मनात आजीच. ओळख अशी झाली होती की ऑगस्टमध्ये रोज आमच्या पायरीवर दोन दोन झुकिनी कोणीतरी ठेवून जायचं, दुधीएवढ्या मोठ्या, मी किसून थालीपिठं लावायचे, एकदा तीच नेऊन दिली. आजींनी केचपबरोबर खाल्ली.

त्यांनी मला गावात गाडी चालवूच दिली नाही. सरळ ग्रॅव्हलवर, म्हणजे खडीच्या रस्त्यावर नेलं. इथे एकेक मैलावर रस्ता, उभे आडवे, बुद्धिबळाच्या पटासारखे, मधला प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. म्हणजे हरवायची भीती नाही, चार वेळा उजवीकडे वळलं की परत तिथेच. पण खडीवर गाडी बोटीसारखी डुलते. आजींचं म्हणणं एकच, घट्ट धरू नकोस, तिला जरा हलू दे, आणि ब्रेक एकदम मारू नकोस. समोरून कोणी येतंय का हे गाडी बघून नाही, धूळ बघून ओळखायचं, मैलभरावर धुळीची शेपटी उठलेली दिसते. फक्त ऑगस्टमध्ये ते चालत नाही, कारण मका आठ फूट झालेला असतो आणि चौकातल्या चारही कोपऱ्यांवर उभा, पलीकडचं काही दिसत नाही, आणि बऱ्याच चौकांत स्टॉपची पाटीसुद्धा नसते. तिथे आजी स्वतः काच खाली करून कान द्यायच्या. मलाही तीच सवय लागली, अजून चौक आला की मी रेडिओ बंद करते.

आणि हाताचं बोट. समोरून कोणी आलं की स्टिअरिंगवरचा हात न उचलता एक तर्जनी वर करायची. ओळख असो नसो. मला पहिल्यांदा वाटलं हे लोक मला काहीतरी दाखवतायत, लाईट चालू राहिला का, टायर गेला का. आजी हसून म्हणाल्या, अगं नमस्कार करतायत.

शिकताना सगळ्यात लाज कशाची वाटायची सांगू? गावाबाहेर शेतावर राहणाऱ्या पोरांना इथे चौदाव्या वर्षी शाळेत जाण्यापुरतं परमिट मिळतं. मी स्टॉपवर घाम पुसत बसलेली आणि मागून दप्तर मांडीवर घेतलेली आठवीतली पोरगी मोठ्ठा पिकअप घेऊन शांतपणे वाट बघत थांबलेली. हॉर्न नाही हं. दोन वर्षांत मी इथे हॉर्न मोजून तीनदा ऐकलाय, त्यातला एक माझाच, चुकून.

ऑक्टोबरमध्ये परीक्षा दिली, ऐन कापणीत. गावभर मक्याचे ट्रक, एलेव्हेटरपुढे, म्हणजे धान्याच्या उंच कोठारापुढे रांग, हवेत भुसा. पार्किंग जमलं, लेन जमली. एलेव्हेटरमागच्या चौकात चारही बाजूंना स्टॉप, समोरच्या पिकअपवाल्याने हाताने खूण केली तू जा, मी म्हटलं तुम्ही जा, तो म्हणे तू जा. आपल्याकडे शेवटची पोळी कोणी घ्यायची यावर जसं चालतं तसं. शेवटी मी निघाले, त्या गडबडीत पुढच्या स्टॉपवर चाकं पूर्ण थांबलीच नाहीत. गाडी हळू झाली, पण हळू म्हणजे थांबली नव्हे. परीक्षकाने पेन टेकवलं. नापास.

नवऱ्याला फोन करायच्या आधी दूध घ्यायला दुकानात शिरले, तर काउंटरवरची मुलगी म्हणते, वाईट वाटून घेऊ नकोस, माझा भाऊ तीनदा नापास झाला होता. मी थक्क. वीस मिनिटं झाली नव्हती! तो पिकअपवाला आधी दूध घेऊन गेला होता. रात्री मला फार राग आला, एवढंसं काही आपलं स्वतःचं म्हणून राहू देत नाहीत ही माणसं, आणि मुंबई-जर्सीत कुणाला कुणाची पडलेली नसते ते किती बरं असतं असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात आजी. त्यांनाही कळलेलंच होतं. त्या आठवड्यात रोज आम्ही फक्त थांबायला शिकलो. थांब, एक दोन तीन मोज, मग नीघ.

पुढच्या मंगळवारी पास झाले. हातात ३० दिवसांची कागदी पावती, कार्ड नंतर पोस्टाने आलं, त्यावरची मुदत माझ्या आय-९४ च्या, म्हणजे या देशात राहायच्या परवानगीच्या तारखेपर्यंतच, त्याहून एक दिवस जास्त नाही.

मग दिवाळीचं सामान आणायला एकटी लिंकनला गेले, जाताना अडीच तास, येताना तीन, कारण वारा. आय-८० या इंटरस्टेट हायवेवर लिमिट ताशी ७५ मैल, शेजारून ट्रक गेला की गाडी आधी त्याच्याकडे ओढली जाते आणि मग बाहेर फेकली जाते. भाजणीचं पीठ, कढीपत्ता, दोन किलो चिवड्याचे पोहे. दोनशेहून जास्त मैल चालवून आणलेला तो कढीपत्ता मी काडीसकट जपला.

हिवाळ्याबद्दल मात्र गोड बोलणार नाही. जानेवारीत उणे वीस आणि त्यात तो वारा, नवरा ऑन कॉल, संध्याकाळी सहालाच अंधार, मराठीत बोलायला घरात सात वर्षांचा मुलगा आणि तोही इंग्लिशमध्ये उत्तर देणार. वादळात तर इंटरस्टेटला रेल्वे फाटकासारखी फाटकं आहेत, ती बंद करतात. मुलाच्या कानाचं दुखणं निघालं तर लहान मुलांचा स्पेशालिस्ट ओमाहाला, साडेतीन तासांवर. ती अपॉइंटमेंट दोनदा बर्फाने गेली. डॉक्टरच्या घरात राहून डॉक्टर मिळेना. गाडीच्या डिकीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, शेंगदाण्याची चिक्की ठेवून मी तो हिवाळा काढला. बाकी फीडलॉटवरून, म्हणजे गुरं पोसायच्या मोठ्या वाड्यांवरून वारा आला की जो वास येतो त्याला इथले लोक पैशाचा वास म्हणतात. म्हणोत बापडे.

मार्चमध्ये आजी म्हणाल्या, आता गाडी शिकल्याचं चीज कर. पहाटे साडेचारला निघून प्लॅट नदीवर गेले. तिथे मध्य फेब्रुवारी ते मध्य एप्रिल सँडहिल क्रेन उतरतात, पाच लाखांहून जास्त, उत्तरेकडे जाताना कापणीत सांडलेला मका खायला. आपल्या करकोच्याची जात, राखाडी, डोक्यावर लाल टिळा. अंधारात लाकडी आडोशाच्या फटीतून काही दिसत नाही, फक्त आवाज, हजारो जुन्या दारांच्या बिजागऱ्या एकदम करकरल्यासारखा. मग उजाडतं आणि आपण ज्याला वाळूचे बेट समजत होतो ते उठून उडतं.

यंदा मे महिन्यात आई आली कराडहून. आमचा दोन एकर ऊस, आणि इथे सरासरी शेतच हजार एकराच्या घरात, आजी स्वतःला लहान शेतकरी म्हणवतात हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग विचारते, पण माणसं कुठायत गं? तिला ग्रॅव्हलवर फिरवायला नेलं. पहिला पिकअप आला, त्याने बोट उचललं, मी उचललं. आईला कारण सांगितलं. पुढचा पिकअप आला तशी तिने पदर सावरला आणि काचेतून दोन्ही हात जोडून रीतसर नमस्कार केला. त्याच्याही पुढच्याला. तासाभरात अकरा झाले, ती मोजत होती.

शनिवारी दूध आणायला गेले तर काउंटरवरची मुलगी दोन्ही हात जोडून उभी.